हेवी मेटलसाठी पिकअप निवडताना आउटपुटला किती महत्त्व द्यावे?

प्रश्न असा आहे. (पिकअप म्हणजे तारांची कंपने विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा, चुंबक आणि कॉइलचा भाग; त्या सिग्नलचा जोर म्हणजे त्याचे आउटपुट.) साडेपंचवीस इंच स्केलची (म्हणजे तारेच्या मोकळ्या भागाची लांबी तेवढी), दोन हंबकर (दोन कॉइलचे, गुणगुण कमी करणारे पिकअप) असलेली मध्यम किमतीची गिटार आहे आणि ती ड्रॉप सी मध्ये, म्हणजे नेहमीपेक्षा बरीच खाली, सर्वांत जाड तार सी स्वरावर, लावलेली आहे. बँडच्या तालमीला हाय-गेन (सिग्नल खूप वाढवून आवाज फाडणारा) ट्यूब अ‍ॅम्प मिळतो, घरी ऑडिओ इंटरफेसमधून संगणकावरच्या अ‍ॅम्प सिम्युलेशनवर सराव चालतो. रिफ (पुन्हा पुन्हा येणारे छोटे स्वरवाक्य) वाजवताना आवाज भरीव वाटत नाही, म्हणून कारखान्यातून आलेला ब्रिज पिकअप (तारांच्या शेवटच्या टेकूजवळचा) काढून तिथे १६-१७ किलोओहमचा, सिरॅमिक चुंबकाचा, शक्य तितक्या जास्त आउटपुटचा पिकअप बसवावा का, की त्यापेक्षा थेट बॅटरीवर चालणारा अ‍ॅक्टिव्ह पिकअप घेतलेला बरा, असे विचारले आहे. गिटारची जुळवणी करण्याचे आणि पिकअप बदलण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. माझ्याकडे येणाऱ्या मेटल वादकांपैकी बहुतेकांची सुरुवात याच प्रश्नाने होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे मत आधी सांगतो. तुमच्याकडे जी सामग्री आहे तिच्यासाठी आउटपुट हा निवडीचा पहिला निकष धरू नये. अ‍ॅम्पमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये गेन हवा तेवढा आहे. उणीव बहुधा आहे ती डिस्टॉर्शनमध्ये (आवाज फाडण्याच्या टप्प्यात) शिरणाऱ्या सिग्नलच्या नेटकेपणाची. मध्यम किंवा त्याहून थोड्या वरच्या आउटपुटचा, खर्जात घट्ट आणि वरच्या मध्य पट्ट्यात स्पष्ट बोलणारा पिकअप तुमच्या रिफला अधिक वजन देईल. आणि तो विकत घेण्यापूर्वी आहे त्या पिकअपची उंची एकदा नीट लावून बघावी, कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

जास्त आउटपुट म्हणजे जास्त हेवी, ही समजूत मुळात चुकीची नव्हती. ज्या काळात ती रुजली त्या काळात ती खरीच होती. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी तयार केलेला हंबकर १९५७ पासून लेस पॉल गिटारवर येऊ लागला. पीएएफ या नावाने तो ओळखला जातो आणि त्याचा रोध साधारण साडेसात ते साडेआठ किलोओहम असतो. साठच्या दशकाच्या अखेरीस मोठ्या मार्शल अ‍ॅम्पना मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा आवाज वेगळा कमी-जास्त करणारे बटण) नव्हता. आवाज फाटायला हवा असेल तर अ‍ॅम्प कानठळ्या बसतील इतका उघडावा लागे, नाहीतर त्याच्या तोंडाशी येणारा सिग्नलच वाढवावा लागे. ब्लॅक सॅबथच्या सुरुवातीच्या काळात टोनी आयोमी यांच्या एसजी गिटारमध्ये पी-९० जातीचे एका कॉइलचे पिकअप होते आणि लेनी कंपनीच्या अ‍ॅम्पला रेटण्याचे काम ते ट्रेबल बूस्टरकडून (वरचे स्वर वाढवणाऱ्या उपकरणाकडून) करून घेत. १९७२ मध्ये डिमार्झिओ या कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन हा पिकअप आला तो नेमकी हीच गरज भागवण्यासाठी. त्यात सिरॅमिक चुंबक होते, वेढे जास्त होते आणि सिग्नल इतका जोरदार होता की अ‍ॅम्पच्या पहिल्याच ट्यूबमध्ये आवाज फाटू लागे. आयर्न मेडनच्या डेव्ह मरे आणि अ‍ॅड्रियन स्मिथ यांच्या गिटारींत हाच पिकअप होता.

पुढे अ‍ॅम्प बदलले. मार्शलने १९७५ मध्ये मास्टर व्हॉल्यूम दिला, मेसा बूगीने एकापाठोपाठ एक गेन स्टेज जोडण्याची पद्धत रूढ केली आणि १९९२ च्या सुमारास पीव्ही ५१५० आणि मेसाचा ड्युअल रेक्टिफायर आल्यावर तर गेन कमी पडण्याचा प्रश्नच उरला नाही. ज्या अडचणीवर जास्त आउटपुट हा उपाय होता ती अडचण संपली, पण उपाय मात्र चालीरीतीसारखा चालू राहिला.

आउटपुटचा फरक प्रत्यक्षात किती असतो, हे आकड्यांत बघू. डिमार्झिओ आपल्या प्रत्येक पिकअपचे आउटपुट मिलिव्होल्टमध्ये देते, म्हणून तुलना सोपी जाते. पीएएफ प्रो हा मध्यम पिकअप ३०० मिलिव्होल्टचा आहे, सुपर डिस्टॉर्शन ४२५ चा आणि त्यांच्या सर्वांत तगड्या पिकअपांपैकी एक असलेला एक्सटूएन ५१० चा. ३०० आणि ४२५ यांत फरक पडतो सुमारे ३ डेसिबलचा, ३०० आणि ५१० यांत सुमारे साडेचार डेसिबलचा. आता अ‍ॅम्पच्या बाजूने पाहा. १२एएक्स७ ट्यूबची एकच गेन स्टेज सिग्नल ५० ते ६० पट वाढवते, म्हणजे जवळपास ३५ डेसिबल, आणि हाय-गेन अ‍ॅम्पमध्ये अशा चार-पाच स्टेज एकामागे एक असतात. मध्येमध्ये सिग्नल मुद्दाम कमीही केला जातो, हे खरे, तरीही साडेचार डेसिबलची भरपाई गेनचे बटण थोडेसे फिरवले की होते. म्हणून पीएएफ प्रोऐवजी एक्सटूएन लावला आणि अ‍ॅम्पवरचा गेन तेवढाच ठेवला, तर ऐकू येणारा फरक बराचसा गेन वाढवल्याचाच असतो. दोन पिकअपांची खरी तुलना करायची तर आधी दोघांचा गेन कानाने सारखा करून घ्यावा लागतो. एवढी तसदी फार थोडे जण घेतात.

गेन सारखा केल्यावर जे वेगळेपण उरते ते त्या पिकअपचे खरे स्वरूप. ते येते कुठून? जास्त आउटपुटसाठी कॉइलवर जास्त वेढे द्यावे लागतात. वेढे वाढले की इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा कॉइलचा विरोध) वाढतो, आणि पिकअपचा इंडक्टन्स व केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून एक रेझोनन्स तयार होतो. त्या वारंवारतेच्या आसपास पिकअप सर्वांत ठसठशीत बोलतो आणि तिच्यावरचे सगळे झपाट्याने गळून जाते. जुन्या धाटणीच्या हंबकरचा इंडक्टन्स साधारण साडेचार हेन्री असतो. पाच मीटरच्या केबलची कपॅसिटन्स ५०० पिकोफॅरडच्या घरात धरली, तर हा रेझोनन्स ३,३५० हर्ट्झच्या आसपास पडतो. तीच केबल आठ हेन्रीच्या तगड्या पिकअपला लावली तर तो २,५०० हर्ट्झवर उतरतो. पिकअपची स्वतःची थोडी कपॅसिटन्स या हिशोबात धरलेली नाही, म्हणून प्रत्यक्षातले दोन्ही आकडे थोडे आणखी खाली असतील. तारेवर प्लेक्ट्रम बसतानाचा कडक 'टक' आणि कॉर्डमधले स्वर एकमेकांपासून सुटे ऐकू येणे हे बरेचसे याच अडीच ते चार हजारांच्या पट्ट्यात ठरते. तगडा पिकअप हा पट्टा खाली ओढतो. मध्य पट्टा जाड होतो, एकट्या लीडला गोलाई येते, पण जलद रिफची धार बोथट होते. केबल तीन मीटरची केली तर त्याच आठ हेन्रीच्या पिकअपचा रेझोनन्स ३,२५० च्या आसपास चढतो. पिकअप बदलायला निघालेल्या माणसाने आधी जुनी, लांबलचक केबल बदलून बघावी, असे मी म्हणतो ते याचसाठी.

किलोओहमच्या आकड्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण बाजारात पिकअप याच आकड्यावर विकले जातात. मल्टिमीटरवर दिसणारा रोध म्हणजे तांब्याच्या तारेचा रोध. तो दोन गोष्टींवर अवलंबून असतो: तार किती लांब आहे आणि किती बारीक आहे. पीएएफमध्ये ४२ नंबरची तार असते. तगड्या पिकअपांत बऱ्याचदा ४३ किंवा ४४ नंबरची, म्हणजे अधिक बारीक तार वापरतात, कारण तेवढ्याच जागेत जास्त वेढे मावतात. ४४ नंबरच्या तारेचा रोध तेवढ्याच लांबीच्या ४२ नंबरच्या तारेच्या जवळपास १.६ पट असतो. म्हणजे १० किलोओहमचा एक पिकअप आणि १६ किलोओहमचा दुसरा यांच्यात वेढे जवळपास सारखेही असू शकतात. डिमार्झिओचेच उदाहरण घ्या. टोन झोनचा रोध १७ किलोओहमच्या वर आहे, सुपर डिस्टॉर्शनचा १४ च्या आत, आणि तरीही आउटपुट सुपर डिस्टॉर्शनचे जास्त आहे, ४२५ विरुद्ध ३७५ मिलिव्होल्ट. नुसत्या किलोओहमवर निवड केली असती तर गणित उलटे पडले असते.

शिवाय हा आकडा स्थिरही नसतो. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. पुण्यात जानेवारीच्या सकाळी १५ अंशांना १६ किलोओहम दाखवणारा पिकअप मे महिन्याच्या दुपारी ३८ अंशांना १७.४ किलोओहम दाखवतो. नवा पिकअप माहितीपत्रकापेक्षा दीड किलोओहम जास्त दाखवतो म्हणून तो बनावट आहे अशी शंका घेऊन लोक येतात, आणि तो अर्धा तास थंड खोलीत ठेवून पुन्हा मोजला की शंका फिटते. रोध मोजायचा तो कॉइल तुटलेली नाही ना, एवढे तपासण्यासाठी. आवाजाचा अंदाज त्यावरून बांधू नये.

आता खर्जाकडे येतो. मेटलच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. डिस्टॉर्शन म्हणजे सिग्नलचे शेंडे कापणे, आणि कापताना मूळ स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर तयार होतात. ड्रॉप सी मध्ये सगळ्यात खालची तार ६५.४ हर्ट्झची. त्यावरच्या पाचव्या स्वरासह पॉवर कॉर्ड वाजवली की वरचा स्वर सुमारे ९८ हर्ट्झचा येतो. या दोघांच्या वजाबाकीतून ३२.७ हर्ट्झचा, म्हणजे मूळ स्वराच्याही एक सप्तक खालचा स्वर डिस्टॉर्शनमध्ये जन्म घेतो. पॉवर कॉर्ड इतकी प्रचंड का वाटते याचे हे एक कारण आहे. पण खर्जाची ताकद मुळातच सर्वांत जास्त असल्यामुळे तो सर्वांत आधी कापला जातो आणि वरच्या स्वरांना आपल्याबरोबर फरफटत नेतो. डिस्टॉर्शनमध्ये शिरण्यापूर्वीच खर्ज जास्त असेल तर पाम म्यूटचा (तळहाताने तारा दाबून वाजवलेला) ठोका सुटसुटीत न येता एखाद्या भिजलेल्या गोणपाटावर पडल्यासारखा येतो. एका मात्रेत चार ठोके येणारे रिफ एकमेकांत मिसळतात आणि बासगिटार व किक ड्रम यांना जागाच उरत नाही.

म्हणून मेटल ध्वनिमुद्रणात जे अनेक वर्षे चालत आले आहे ते असे: खर्ज डिस्टॉर्शनच्या आधी कमी करायचा आणि हवा असेल तर नंतर, अ‍ॅम्पच्या टोन कंट्रोलने किंवा कॅबिनेटने, परत द्यायचा. आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर हा पेडल हाय-गेन अ‍ॅम्पच्या पुढे लावायचा, त्यावर ड्राइव्ह जवळजवळ शून्य, लेव्हल भरपूर आणि टोन मध्यावर ठेवायचा, ही रीत याचसाठी पडली. तो पेडल सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा भाग आपल्या क्लिपिंग स्टेजमध्ये कमी जाऊ देतो आणि मध्य पट्टा उचलून धरतो. अ‍ॅम्पला मिळणारा एकूण जोर वाढतो, पण त्यातला खर्ज छाटलेला असतो. पिकअपकडूनही हेच काम करून घेता येते. खर्जात आवरलेला पिकअप हा तुमच्या साखळीतला पहिला फिल्टर आहे. त्याचे आउटपुट मध्यम असले तरी चालते, कारण जोर पेडल देतो.

इथे चुंबकाचा विषय येतो. सेमूर डंकन या कंपनीच्या तीन पिकअपांवरून तो चांगला समजतो. कस्टम, कस्टम फाइव्ह आणि कस्टम कस्टम या तिघांची कॉइल एकाच जातीची, रोध १४ किलोओहमच्या आसपास, पण चुंबक अनुक्रमे सिरॅमिक, अल्निको ५ आणि अल्निको २ (अल्निको म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांचा चुंबकीय मिश्रधातू). सिरॅमिकचा कस्टम खर्जात घट्ट आणि हल्ल्याला तत्पर, अल्निको ५ चा मध्य पट्ट्यात जरा मागे सरलेला आणि मोकळा, अल्निको २ चा मऊ, मध्य पट्ट्यात भरलेला. लीडसाठी मला अल्निको २ चा फार आवडतो, पण ड्रॉप सी मधल्या जलद रिफसाठी मी तो सुचवणार नाही. सिरॅमिक म्हणजे कर्कश, असे सरसकट म्हटले जाते ते मात्र खरे नाही. सिरॅमिक चुंबकाभोवती किती वेढे आणि कोणती तार आहे, यावर ते ठरते.

अ‍ॅक्टिव्ह पिकअपांची गोष्ट वेगळी आहे आणि ती 'आणखी जास्त आउटपुट' म्हणून समजून घेतली तर फसगत होते. ईएमजी कंपनीच्या ८१ या अ‍ॅक्टिव्ह पिकअपमध्ये सिरॅमिक चुंबक आहे. अ‍ॅक्टिव्ह रचनेत कॉइलवर वेढे तुलनेने कमी ठेवता येतात आणि आत बसवलेला छोटा प्रीअ‍ॅम्प नऊ व्होल्टच्या बॅटरीवर सिग्नल वाढवतो. वेढे कमी म्हणून रेझोनन्स वर, आणि प्रीअ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा एकूण विरोध) १० किलोओहम असल्याने केबलच्या लांबीचा आवाजावर जवळजवळ परिणाम नाही. खर्ज आवरलेला, वरचा मध्य पट्टा पुढे, गुणगुण कमी. मेटलला हे सगळे मानवते, आणि जेम्स हेटफिल्ड, कर्क हॅमेट, झॅक वाइल्ड यांच्यामुळे तो आवाज सर्वांच्या कानात बसला आहे. म्हणजे ईएमजी ८१ लोकप्रिय झाला त्यात आउटपुटइतकाच, कदाचित त्याहून जास्त, वाटा त्याच्या घट्ट खर्जाचा आहे. त्याच्या मर्यादाही आहेत. प्लेक्ट्रमचा जोर कमी-जास्त केला तरी फरक कमी जाणवतो, गिटारचा व्हॉल्यूम उतरवून आवाज स्वच्छ करण्याची मजा पॅसिव्हइतकी (बॅटरीविना चालणाऱ्या साध्या पिकअपइतकी) येत नाही. २०१४ मध्ये आलेल्या फिशमन फ्लुएन्समध्ये तारेच्या कॉइलऐवजी एकावर एक रचलेल्या छापील सर्किट प्लेट्स आहेत आणि एकाच पिकअपमध्ये दोन वेगवेगळे आवाज मिळतात. वेगवेगळ्या शैली वाजवणाऱ्याला तो जास्त सोयीचा वाटेल.

तुमच्या बाबतीत अ‍ॅक्टिव्हकडे वळण्याआधी गिटारच्या पोकळीत बॅटरी मावते का, ते पाहून घ्या. नेक आणि ब्रिज दोन्ही एकदम बदलावे लागतील, हेही लक्षात ठेवा, कारण ईएमजीला २५ किलोओहमचे पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखालचे बदलते रोध) लागतात आणि पॅसिव्ह हंबकरला ५०० किलोओहमचे. एक अ‍ॅक्टिव्ह आणि एक पॅसिव्ह अशी खिचडी करता येते, पण पॅसिव्ह पिकअप २५ किलोओहमच्या पॉटवर अगदी मलूल होतो. केबल जॅकमध्ये खोचून ठेवली तर बॅटरी चालूच राहते, म्हणून वाजवून झाल्यावर ती काढून ठेवायची सवय लावावी लागते.

एवढे वाचून तगडे पिकअप वाईट असा अर्थ काढू नये. डेथ या बँडचे चक शुल्डिनर यांच्या गिटारमध्ये एक्सटूएन होता आणि डाइमबॅग डॅरेल यांचा आवाज बिल लॉरेन्सच्या एल-५०० एक्सएल पिकअपवर उभा होता. दोघांच्याही आवाजाचे नाते त्या काळच्या, मुख्यतः ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या अ‍ॅम्पशी आहे, पहिल्याचे मार्शल व्हॉल्व्हस्टेटशी आणि दुसऱ्याचे रँडलशी. अ‍ॅम्पमध्ये खर्ज आवरलेला असेल आणि तो खरखरीत असेल, तर तगड्या पिकअपचा जाड मध्य पट्टा तिथे शोभून दिसतो. जुन्या पद्धतीचा, एक-दोन गेन स्टेजचा अ‍ॅम्प पेडलशिवाय वाजवायचा असेल तरीही जास्त आउटपुट उपयोगी पडते. आणखी एक प्रामाणिक फायदा म्हणजे पिकअपचा सिग्नल मोठा असला की अ‍ॅम्पवरचा गेन थोडा उतरवता येतो आणि अ‍ॅम्पची स्वतःची सूं-सूं तेवढी कमी होते. विजेची ५० हर्ट्झची गुणगुण मात्र त्याने कमी होत नाही, कारण ती कॉइलमध्येच शिरते आणि वेढ्यांबरोबर तीही वाढते. तिच्यासाठी हंबकरची रचना, पोकळीतले तांब्याच्या पट्टीचे शील्डिंग आणि तालमीच्या जागेचे नीट अर्थिंग हेच उपाय आहेत. आपल्याकडे या तिसऱ्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

घरच्या मांडणीत तर जास्त आउटपुट मुळावरच येऊ शकते. जोरात मारलेल्या कॉर्डवर तगड्या हंबकरचा सिग्नल क्षणभरासाठी एक व्होल्टच्या बराच पुढे जातो. काही ऑडिओ इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटला, गेन शून्यावर असतानाही, हा सिग्नल पेलत नाही आणि तो अ‍ॅम्प सिम्युलेशनपर्यंत पोहोचण्याआधीच कापला जातो. हा डिजिटल कर्कशपणा सॉफ्टवेअरमधल्या कोणत्याही बटणाने जात नाही. इंटरफेसवर 'इन्स्ट' किंवा 'हाय-झेड' बटण दाबलेले आहे ना, ते आधी बघा. ते नसेल तर लाइन इनपुटच्या कमी इम्पिडन्सवर पॅसिव्ह पिकअपचा वरचा भाग दबतो, मग पिकअप कितीही महागाचा असो. त्यानंतर सर्वांत जोरात पाम म्यूट मारून पातळीचा दिवा लाल होतो का, ते पाहा. लाल होत असेल तर नवा, आणखी तगडा पिकअप घेणे म्हणजे पैसे घालून अडचण विकत घेणे होय. अ‍ॅम्प सिम्युलेशन ठराविक इनपुट पातळी गृहीत धरून बनवलेले असते, म्हणून इंटरफेसवरचे गेनचे बटण थोडे फिरवले तरी सॉफ्टवेअरमधला अ‍ॅम्प वेगळा वागतो. त्याच्या माहितीपत्रकात ती पातळी दिली असेल तर तिच्याशी जुळवून घ्या.

आता उंचीकडे. हे काम एका स्क्रू ड्रायव्हरने आणि अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेल्या पोलादी पट्टीने घरी करता येते. गिटार वाजवायच्या स्थितीत मांडीवर घ्या. सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा, ब्रिज पिकअपच्या पोलच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. पहिल्या तारेचेही असेच मोजा. गिब्सनच्या प्रमाणानुसार ब्रिजला सुमारे १.६ आणि नेकला सुमारे २.४ मिलिमीटर हे आरंभाचे अंतर. ड्रॉप सी साठी मी सहाव्या तारेच्या बाजूने ब्रिज पिकअप २ ते २.५ मिलिमीटरपर्यंत उतरवतो आणि पहिल्या तारेची बाजू १.५ च्या जवळ ठेवतो. मग अ‍ॅम्पवर नेहमीचा गेन ठेवून सहाव्या तारेवर संथ पाम म्यूट, त्यानंतर तेच दुप्पट लयीत. एका बाजूचा स्क्रू पाव फेरी फिरवायचा, पुन्हा तेच वाजवायचे. एका ठिकाणी येऊन खर्ज फुगायचा थांबतो आणि ठोका सुटा होतो. तिथे थांबायचे. या तिरप्या मांडणीने खालच्या तारा आवरल्या जातात आणि वरच्या तारांवरचे सोलो दबत नाहीत. पिकअप उतरवल्याने गेलेला जोर गेनच्या बटणाने परत येतो, पण चुंबक तारेला कमी ओढते आणि सैल लावलेली जाड तार मोकळी हलते. तारांचा संच १०-४६ चा असेल तर तो बदलून ११-५४ च्या आसपासचा घ्या. साडेपंचवीस इंच स्केलवर ड्रॉप सी साठी १०-४६ फारच सैल पडतो, मारल्याबरोबर स्वर वर चढतो आणि त्या ढिलाईचा दोष पिकअपच्या माथी येतो. तारा बदलल्यावर नेकचा बाक आणि इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही स्वर सुरात राहणे) पुन्हा जुळवावे लागेल.

हे सर्व करूनही समाधान झाले नाही तर ब्रिजसाठी सिरॅमिक किंवा अल्निको ५ चुंबकाचा, मध्यम ते मध्यमाहून वरचा पिकअप घ्या. सेमूर डंकन कस्टम हा माझा पहिला कौल राहील. त्याच कंपनीचा जेबी थ्रॅश मेटलमध्ये भरपूर वाजला आहे आणि स्टँडर्ड ट्युनिंगमध्ये तो छानच वाटतो, पण त्याचा वरचा मध्य पट्टा पुढे आणि खर्ज जरा सैल आहे. सी पर्यंत उतरलेल्या गिटारमध्ये मी त्याच्याआधी कस्टमचा विचार करतो. इन्व्हेडरसारखे टोकाचे तगडे पिकअप डूम आणि स्लज वाजवणाऱ्यांसाठी ठेवावेत, जिथे संथ लय आणि जाडी हाच हेतू असतो. नेकला ब्रिजइतका तगडा पिकअप बसवू नका. तिथे तार जास्त झुलते, म्हणून खर्ज आपोआपच वाढतो. जुन्या धाटणीचा आठ किलोओहमच्या आसपासचा हंबकर नेकवर ठेवला तर स्वच्छ आर्पेजिओ आणि लीड दोन्ही निभावतात. पिकअप मेणात बुडवलेला आहे ना, याची खात्री करून घ्या. जास्त गेनवर न बुडवलेली कॉइल मायक्रोफोनसारखी वागते आणि शिट्टी मारते. एडी व्हॅन हेलन यांनीही याच कारणासाठी आपला जुना पीएएफ मेणात बुडवला होता. फ्लॉइड रोझ जातीचा ब्रिज असेल तर रुंद पोल अंतराचा नमुना मागा. व्हॉल्यूम पॉट ५०० किलोओहमचा आहे का, तेही पाहा. स्वस्त गिटारींत हंबकरला २५० चा पॉट लावलेला सापडतो आणि तो एकटाच आवाजावर पडदा टाकतो.

जोडणी करताना एका गोष्टीत घोटाळा होतो. तारांचे रंग कंपनीनुसार बदलतात. सेमूर डंकनमध्ये काळी तार हॉट असते, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून टेप लावायची, हिरवी आणि उघडी तार अर्थला. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळी आणि पांढरी एकमेकींना, हिरवी आणि उघडी अर्थला. ब्रिजला एका कंपनीचा आणि नेकला जुनाच पिकअप राहणार असेल तर डाग दिल्यावर, तारा चढवण्यापूर्वी, केबल अ‍ॅम्पला लावून दोन्ही पिकअपांच्या पोलवर पेचकसाचे टोक हलकेच टेकवून बघा. दोन्हींतून 'टक' यायला हवा. मग तारा चढवून सिलेक्टर मधल्या स्थितीत ठेवा. आवाज एकदम पोकळ आणि खर्जहीन वाटला तर दोन पिकअप परस्परांच्या उलट फेजमध्ये आहेत, म्हणजे एकाचा सिग्नल वर जाताना दुसऱ्याचा खाली जातो. अशा वेळी नव्या पिकअपची हॉट आणि हिरवी तार अदलाबदल करा, मात्र उघडी शील्ड तार अर्थवरच राहू द्या, नाहीतर फेज सुधारेल आणि गुणगुण सुरू होईल.